अडीच लाख उत्तरं आणि दहा माणसं

मे २०२१. अमेरिकेत कोविडच्या लशीचा पहिला डोस किती प्रौढांनी घेतला, याचा अंदाज वेगवेगळी सर्वेक्षणं बांधत होती. एक सर्वेक्षण फेसबुक वापरणाऱ्यांना प्रश्न विचारून चालायचं आणि त्याला आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरं मिळायची. दुसऱ्यात दर फेरीला जेमतेम हजार माणसं असायची, पण ती पारखून निवडलेली. पुढे सरकारी नोंदींशी ताळा घातला तेव्हा हजारांचं सर्वेक्षण खऱ्या आकड्याच्या आसपास होतं. अडीच लाखांच्या सर्वेक्षणाने दर शंभर प्रौढांमागे १७ माणसं जास्तीची मोजली होती. त्याच वर्षी ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात यावर एक शोधनिबंध आला. त्यातला हिशोब असा, की त्या अडीच लाख उत्तरांची किंमत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १० माणसांच्या नमुन्याइतकीच होती.

दहा! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

समाजसंशोधनासाठी डेटा सायन्स हा विषय पदव्युत्तर पातळीवर आता बऱ्याच विद्यापीठांत शिकवला जातो. ‘यात नेमकं काय शिकवतात?’ असं कोणी विचारलं, की मी अभ्यासक्रमाची यादी देत नाही, ही गोष्ट सांगतो. आर किंवा पायथन ही संगणकाची भाषा, संख्याशास्त्र, मशीन लर्निंग (यंत्राला डेटातून शिकवणं), मजकुराचं आणि नात्यांच्या जाळ्याचं विश्लेषण हे सगळं असतंच. कोड लिहिणं हा त्यातला सोपा भाग आहे असं म्हटलं, तर पहिल्या सत्रातले विद्यार्थी मारायला धावतील. प्रबंध लिहायला बसलेले मात्र मान डोलावतील. अवघड प्रश्न निराळा असतो. हा डेटा आला कुठून, आणि यात कोण नाही?

प्रश्न जुनाच आहे. १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. त्यातल्या तेवीस लाखांच्या वर भरून परत आल्या आणि साप्ताहिकाने रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं जाहीर केलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना जवळपास ६१ टक्के मतं पडली. पत्ते टेलिफोनधारक आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते, म्हणून श्रीमंतांचाच कौल मिळाला, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. ते खरं, पण अर्धंच. पत्रिका मिळालेल्या सगळ्यांनी उत्तर दिलं असतं तर रूझवेल्टच पुढे दिसले असते, असं पुढच्या अभ्यासात आढळलं. म्हणजे यादीइतकाच दोष उत्तर द्यायची तळमळ कोणाला होती, याचाही होता. फेसबुकच्या सर्वेक्षणाचंही थोडंफार तेच. नमुना कलता असेल तर तो मोठा केल्याने कल जात नाही. चुकीच्या उत्तरावरचा आपला विश्वास तेवढा वाढतो.

या वर्गात दोन प्रकारची मुलं येतात. समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्राकडून आलेल्यांना समीकरणाची धास्ती असते. अभियांत्रिकी किंवा गणिताकडून आलेल्यांना कसलीच धास्ती नसते, आणि माझ्या मते तोच जास्त काळजीचा विषय आहे. त्यांना तक्त्यातला स्तंभ दिसला की तो खरा वाटतो. ‘रोजगार: आहे/नाही’ हा स्तंभ घ्या. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे ठरलेल्या आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास जरी काम केलं, तरी ती व्यक्ती रोजगारात धरली जाते. शिवाय ही व्याख्या स्थिर नाही. २०१३ साली कामगारसंख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने घरच्यापुरतं धान्य पिकवण्याचं श्रम ‘काम’ मानलं, पण ‘रोजगारा’तून बाहेर काढलं. एखाद्या देशाने ही नवी व्याख्या स्वीकारली, की घरच्या शेतात राबणाऱ्या कित्येक बायका आकडेवारीत रोजगाराबाहेर जातात. त्यांचा दिवस तसाच उगवतो आणि तसाच मावळतो. या बदलाच्या अलीकडची आणि पलीकडची आकडेवारी कोणी नकळत एका आलेखात जोडली, तर तिथे एक भयंकर घसरण दिसेल आणि तिच्यावर लेखही लिहिले जातील.

‘कुटुंब’ या शब्दाचंही तेच. एका छपराखाली राहणारे धरायचे, की एका चुलीवर जेवणारे? यातलं काय निवडतो त्यावर कुटुंबांची संख्या बदलते आणि गरिबीचा आकडाही.

मजकुराच्या विश्लेषणात तर भाषाच परीक्षा घेते. लाखो प्रतिक्रिया वाचायला माणसं पुरत नाहीत, म्हणून यंत्राला शब्दांची यादी देतात, हे चांगले शब्द आणि हे वाईट. त्या यादीत ‘शहाणा’ हा चांगला शब्द असणार. आता ‘मोठा शहाणा लागून गेलास’ हे वाक्य त्या यंत्राला द्या. नवी भाषा-प्रारूपं, म्हणजे भरपूर मजकुरावर शिकवलेली यंत्रं, यात बरीच सुधारली आहेत, तरी काही शे वाक्यं माणसांनी स्वतः वाचून, खुणा करून, यंत्राच्या उत्तरांशी ताडून पाहायची, हा नेम चुकवता येत नाही. कंटाळवाणं काम आहे. तेच सगळ्यात जास्त शिकवतं.

मग येतो कार्यकारणाचा भाग, मला तो सर्वांत देखणा वाटतो. किमान वेतन वाढवलं तर नोकऱ्या कमी होतात का? समाजाला प्रयोगशाळेत ठेवता येत नाही. पण कधीकधी कायदाच प्रयोग करून ठेवतो. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने तासाचं किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट फूड दुकानांची वाढीआधी आणि वाढीनंतर पाहणी केली. इकडचा फरक वजा तिकडचा फरक, इतकं साधं गणित. नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. यावर वाद पुष्कळ झाले, पण वजाबाकीची ही युक्ती आज हा विषय शिकणाऱ्या प्रत्येकाला येते. कार्ड यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. त्यांच्याकडे होती फक्त ४१० दुकानं.

डेटा चोख असला तरी निष्कर्ष एकच निघेल असं नाही. फुटबॉलचे पंच गडद वर्णाच्या खेळाडूंना जास्त लाल कार्डं दाखवतात का, हा प्रश्न आणि एकच डेटा २९ गटांना देण्यात आला. २० गटांना ठोस फरक सापडला, ९ गटांना नाही. २०१८ साली ही तुलना प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला. भारतीय संख्याशास्त्रज्ञ पी. सी. महालनोबिस यांना बहुधा बसला नसता. बंगालातल्या तागाच्या पिकाची पाहणी करताना ते नमुन्याचे भाग पाडून निरनिराळ्या तुकड्यांना देत, म्हणजे तुकड्या-तुकड्यांच्या उत्तरांतली तफावत मोजणाऱ्यांच्या चुकीचा अंदाज देई. तिथे तपासणी शेतात मोजणाऱ्यांची होती. इथे ती संगणकापुढे बसणाऱ्यांची झाली.

नैतिकतेचा तास बरेच जण डुलक्या घेत काढतात. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांचं गणित ऐकलं की जागे होतात. पिन कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकमेवाद्वितीय ठरण्याजोगी आहेत, असं त्यांनी १९९० च्या जनगणनेवरून दाखवलं. नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली, हा समज तिथेच संपतो.

आणि भाकीत? अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत २००० सालाच्या सुमारास जन्मलेल्या मुलांच्या ४,२४२ कुटुंबांचा डेटा १६० संशोधक-गटांनी वापरला. जन्मापासून नवव्या वर्षापर्यंतच्या १२,९४२ चलांवरून, म्हणजे नोंदवलेल्या बाबींवरून, पंधराव्या वर्षी मुलाचे गुण, घरातली तंगी, घरातून हकालपट्टी अशा सहा गोष्टी ओळखायच्या होत्या. २०२० मध्ये निकाल आला. अंदाज बांधणारं सर्वांत हुशार प्रारूपसुद्धा चार चलांच्या साध्या रिग्रेशनपेक्षा, म्हणजे जुन्या सरळ संख्याशास्त्रीय समीकरणापेक्षा, थोडंसंच सरस होतं, आणि दोघांचेही अंदाज कच्चेच होते.

यानंतर संशोधकांनी काय केलं, ते मला फार आवडतं. आणखी मोठं प्रारूप बांधण्याऐवजी, असं का झालं हे समजून घ्यायला त्यांनी त्याच अभ्यासातली ४० कुटुंबं निवडली आणि त्यांच्याशी सविस्तर बोलायला बसले.