जावातलं प्रश्नचिन्ह आणि कंपायलरचा संशय

प्रत्येक पूर्णांक ही संख्या असते. मग जावा या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांकांची यादी, म्हणजे 'लिस्ट<इंटिजर>', ही 'लिस्ट<नंबर>' मागणाऱ्या मेथडला, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला, का चालू नये? कारण ती मेथड त्या यादीत खुशाल 3.14 टाकेल आणि मूळ यादीत भलतंच काही जाऊन बसेल. अ‍ॅरे या ठरावीक लांबीच्या यादीच्या बाबतीत जावाने ही मुभा पहिल्यापासून दिली. अशी चूक तिथे कंपायलरच्या, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधी तो तपासून भाषांतर करणाऱ्या साधनाच्या, हाती लागत नाही, प्रोग्राम चालू असताना 'अ‍ॅरेस्टोअरएक्सेप्शन' होऊन अंगावर येते.

2004 साली जावा 5 मध्ये जेनेरिक्स, म्हणजे '<>' मध्ये घटकांचा टाइप (प्रकार) सांगण्याची सोय, आली आणि तिच्यासोबत वाइल्डकार्ड, म्हणजे टाइपच्या जागी '?'. 'लिस्ट<? एक्सटेंड्स नंबर>' वाचून 'कुठलीही संख्या चालेल' असं वाटतं, पण तसं नाही. यादीचा टाइप ठरलेलाच आहे, फक्त कंपायलरला तो ठाऊक नाही. म्हणून त्यातून काढलेली वस्तू नक्की 'नंबर' असते, आत मात्र 'नल' म्हणजे 'काहीच नाही' या किमतीखेरीज काही टाकता येत नाही. 'एक्सटेंड्स'ऐवजी 'सुपर' लिहिलं तर गणित उलटं: आत टाकता येतं, पण बाहेर नक्की काय येईल ते सांगता येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. 'लिस्ट<?>' मधल्या दोन घटकांची अदलाबदल करायची म्हणून 'लिस्ट.सेट(आय, लिस्ट.गेट(जे))' लिहा. त्याच यादीतली वस्तू त्याच यादीत ठेवायची, तरी कंपायलर नाही म्हणतो! प्रत्येक उल्लेखाला तो त्या अज्ञात टाइपसाठी नवं तात्पुरतं नाव घेतो. याला 'कॅप्चर' म्हणतात. 'गेट'च्या वेळचं नाव वेगळं, 'सेट'च्या वेळचं वेगळं, आणि दोन्ही एकच आहेत हे त्याच्या लेखी सिद्ध होत नाही. हीच ओळ 'टी' हा टाइप पॅरामीटर (टाइपसाठी धरलेलं नाव) असलेल्या छोट्या हेल्पर मेथडमध्ये हलवली, की अज्ञात टाइपला 'टी' हे एकच नाव मिळतं आणि सगळं बिनतक्रार कंपाइल होतं. मला हा हट्ट थोडा अतिरेकी वाटतो, पण नियमाला धरून आहे.

एवढा संशयी कंपायलरही फसलाच. 2016 मध्ये नादा अमीन आणि रॉस टेट या संशोधकांनी वाइल्डकार्डमधली फट दाखवली. विशिष्ट टाइपची किंमत हातात आहे, म्हणजे त्या टाइपच्या अटी पुऱ्या होत असणारच, असं कंपायलर धरून चालतो. पण 'नल' कुठल्याही ऑब्जेक्ट टाइपची किंमत म्हणून चालतो, अटी अशक्य असल्या तरी. त्या आधारे त्यांनी एकही कास्ट (टाइप बदलायची उघड सूचना) न लिहिता 'इंटिजर'ला 'स्ट्रिंग' (मजकूर) म्हणून कंपायलरच्या गळी उतरवलं. प्रोग्राम चालवल्यावर मात्र कंपायलरने स्वतःच गुपचूप घातलेली तपासणी आडवी आली आणि 'क्लासकास्टएक्सेप्शन' पडलं.