बिलाआधी मोबाईल नंबर कशाला? जुनी गोष्ट आहे ही

परवा कोथरूडला एका दुकानात बिलिंगच्या लायनीत उभा होतो, पुढचे काका काही केल्या नंबर देईनात. "काका, नंबर टाकल्याशिवाय सिस्टिम पुढंच जात नाही." "मग तुझा टाक!" शेवटी त्या पोरानं दहा वेळा नऊ दाबलं आणि बिल निघालं. मागे सगळे वैतागलेले, पण काकांचं चुकलं काय? मे २०२३ मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुकानदारांना सांगितलंय, नंबरासाठी गिऱ्हाईकाला अडवू नका म्हणून.

बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली ती याच पुण्यात, १९७४ ला. तेव्हा आपण दुकानदाराकडे बिल मागायचं, आता बिल हवं तर दुकानदारच आपल्याकडे नंबर मागतो.

आणि प्रायव्हसीचा हक्क ग्राहकाच्या भांडणातून आलेलाच नाही, तो आला पोलिसांच्या दार ठोठावण्यातून. यूपीतला खरक सिंग, दरोड्याच्या केसमधून पुराव्याअभावी सुटलेला, तरी पोलिसांनी त्याची हिस्टरी शीट, म्हणजे पाळत ठेवायची फाईल, उघडली, रात्री-अपरात्री घरी येऊन उठवायचे, परगावी जायचं तरी आधी सांगून जायचं. १९६२ ला सुप्रीम कोर्टानं रात्री घरी जाणं बंद करायला लावलं, पण त्याच निकालात प्रायव्हसी हा काही मूलभूत हक्क नाही असंही लिहून ठेवलं. ती एक ओळ पुढं पन्नास वर्षं नडली.

आधार आलं, पहिलं कार्ड आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, सप्टेंबर २०१० ला. २०१२ ला कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी आधारविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले, तर २०१५ मध्ये सरकारनं हेच जुने निकाल पुढं केले. त्यातला एक, १९५४ चा, आठ न्यायमूर्तींचा होता, तो बदलायला त्याहून मोठं बेंच हवं, म्हणून नऊ जणांचं बसवावं लागलं आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊच्या नऊ जणांनी सांगितलं, प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. (धनंजय चंद्रचूडांनी त्यात आणीबाणीतला १९७६ चा निकालही, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही म्हणणारा, रद्द ठरवला, जो द्यायला त्यांचे वडील यशवंतराव, म्हणजे पुण्यातल्या आपल्या नूमवि शाळेचे विद्यार्थी, बेंचवर होते. असं घरात घडणं सोपं नसणार.) २०१८ ला सिम आणि बँक खात्याला आधारची सक्तीही गेली.

कंपन्यांचं काय मग? २००५ ला पुण्यातल्या एका बीपीओत पोरांनी अमेरिकन बँकेच्या ग्राहकांकडून गोड बोलून पिन काढून घेतले आणि साधारण साडेतीन लाख डॉलर वळते केले. मोठी बोंब झाली. २००८ ला आयटी कायदा बदलला, त्यात डेटा नीट न सांभाळणाऱ्या कंपनीकडून भरपाई मागायचं ४३-अ कलम आलं, २०११ ला नियम आले. पण भरपाई हवी तर कंपनीनं हलगर्जीपणा केला आणि त्यामुळं आपलं नुकसान झालं हे दाखवा, आता नंबर विकला गेल्याचं नुकसान कुणी कसं दाखवायचं?

मग डेटा संरक्षणाचा वेगळा कायदा करायचं ठरलं. त्यासाठीच्या श्रीकृष्ण समितीचा अहवाल २०१८ चा, विधेयक २०१९ चं, २०२२ ला ते मागं घेतलं, शेवटी कायदा ऑगस्ट २०२३ ला झाला, दंड २५० कोटींपर्यंत. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि खरी मेख तिथंच आहे. संमती घ्या, मागितलं तर डेटा पुसा, ही जी ग्राहकाच्या कामाची कलमं आहेत त्यांना अठरा महिन्यांची मुदत. त्याच कायद्यातून माहिती अधिकार कायद्याच्या ८(१)(जे) या, वैयक्तिक माहिती नाकारू देणाऱ्या, कलमाला लावलेली कात्री मात्र लगेच लागू. आधी वैयक्तिक माहिती असली तरी जनहित दाखवून मागता यायची, तशी सोय त्या कलमातच होती, ती काढली. म्हणजे एखाद्या अधिकाऱ्याबद्दल अर्ज टाकला तर "वैयक्तिक माहिती" म्हणून तो आजच फेटाळता येतो, आणि काकांचा नंबर मे २०२७ पर्यंत वाट बघणार.