रयत उठली तेव्हा राजांनी काय केलं? सातारा-सांगलीच्या संस्थानांची पार्श्वभूमी

मिरजेहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की तासाभरात माधवनगर, भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी अशी स्टेशनं मागे पडतात. आज हा सगळा एकच जिल्हा आहे. १९३८ साली याच रुळांवरून जाणारा माणूस मिरज संस्थानाच्या थोरल्या पातीतून, म्हणजे थोरल्या शाखेच्या राज्यातून निघायचा, माधवनगरला धाकट्या पातीत शिरायचा, भिलवडीला इंग्रजांच्या हद्दीत यायचा, किर्लोस्करवाडीला औंधच्या पंतप्रतिनिधींची रयत व्हायचा आणि ताकारीला पुन्हा इंग्रजांच्या ताब्यात जायचा. लोक इंग्रजी हद्दीला ‘खालसा’ म्हणत. ‘तो खालशातला’ आणि ‘आम्ही संस्थानातले’ हा फरक माझ्या आजोळच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अगदी अलीकडेपर्यंत होता.

रयतेच्या असंतोषाला या भागातल्या राजांनी काय उत्तर दिलं, हे समजून घ्यायचं तर हा फाटका नकाशा डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. राजा दयाळू होता की जुलमी, यावर बरंच लिहिलं जातं. माझ्या मते तो प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा. या राजांच्या हातात मुळात होतं काय आणि बांधाच्या पलीकडे काय चाललं होतं, यावर त्यांचं वागणं जास्त ठरलं.

आधी थोडं मागे जाऊ. साताऱ्याची छत्रपतींची गादी इंग्रजांनी १८४८ मध्येच खालसा केली. शहाजी महाराज वारले आणि डलहौसीने दत्तक मानला नाही. त्याआधी १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडलं होतं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथे खेटे घालत राहिले, हाती काही लागलं नाही. गादी गेली, पण तिचे मांडलिक उरले: औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट. यांना ‘सातारा जहागिरी’ म्हणत. पटवर्धनांची घराणी, म्हणजे सांगली, मिरजेच्या दोन पाती, जमखंडी, कुरुंदवाड, ही वेगळी. त्यांचा उगम पेशवाईतल्या सरंजामात, म्हणजे फौज ठेवण्यासाठी मिळालेल्या मुलखात. सांगली १८०१ मध्ये मिरजेपासून फुटली.

यातलं कुठलंच संस्थान सलग नव्हतं. सांगलीचा मुलूख मंगळवेढ्यापासून थेट बेळगावला लागून असलेल्या शहापूर आणि गदगजवळच्या शिरहट्टीपर्यंत विखुरलेला होता. औंधची गावं बहात्तर. राजधानी औंध साताऱ्याच्या माणदेशी कडेला, आटपाडी दुष्काळी पट्ट्यात, कुंडल कृष्णाकाठच्या पट्ट्यात आणि गुणदाळ विजापूरकडे. पाऊण लाखाच्या आसपास वस्ती. एवढ्याशा राज्याला खजिना, न्यायालय, पोलीस, शाळा, हत्ती-घोडे आणि दसऱ्याचा दरबार, सगळा बारदाना असायचा, आणि त्याचा खर्च निघायचा तो शेतसाऱ्यातून.

असंतोषाचं मूळ इथेच आहे. बांधापलीकडच्या खालशातल्या शेतकऱ्याला काय द्यावं लागतं, हे संस्थानातल्या कुळाला रोज दिसायचं. वेठ, नजराणे, राजवाड्याचा खर्च, दाद मागायला जागा नसणं, ही सगळी गाऱ्हाणी जुनीच होती. त्यांना तोंड फुटायला वेळ लागला. १९२१ मध्ये दक्षिणी संस्थानांतल्या प्रजेसाठी हितवर्धक सभा निघाली. तिच्यात वकील, संपादक, पेन्शनर अशी शहरी मंडळी जास्त, न. चिं. केळकरांसारख्यांचा तिला आधार. ठराव व्हायचे, अर्ज जायचे. १९२७ च्या डिसेंबरात मुंबईला अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषद भरली. ‘राज्य राजाचं राहो, पण त्याने जबाबदार राज्यपद्धती द्यावी,’ अशी ती मागणी. राजाला हटवा असं तेव्हा कोणी म्हणत नव्हतं.

राजांची बाजूही पाहू. १९२१ मध्ये नरेंद्रमंडळ, म्हणजे देशभरातल्या राजांची सल्लागार सभा, स्थापन झालं, तेव्हा शंभरावर मोठ्या राजांना स्वतःच्या हक्काने जागा मिळाली. आमच्यासारख्या १२७ छोट्या संस्थानांना मिळून बारा प्रतिनिधी. सांगलीचे चिंतामणराव आप्पासाहेब गोलमेज परिषदेला लंडनला गेले, ते छोट्या संस्थानांच्या वतीने. म्हणजे वर इंग्रजांपुढे हे राजे अर्जदार आणि खाली रयतेपुढे मालक. संस्थानात काही मोठं घडलं तर बंदोबस्ताला जादा माणसं मागायची ती रेसिडेंटाकडेच, म्हणजे संस्थानांवर नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याकडे. ज्याची बंदूक उसनी आणायची, त्याच्या मर्जीबाहेर लोकांना काही द्यायचं म्हणजे अवघडच.

ठिणगी पडली ती १९३७ मध्ये. मुंबई इलाख्यात निवडणुका झाल्या आणि बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. तासगावच्या शेतकऱ्याचा आमदार मुंबईत बसायला लागला आणि चार कोसांवरच्या कुंडलच्या माणसाला अजून दरबारात मुजराच करायचा होता. १९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने ठरवलं की संस्थानांतली चळवळ तिथल्या लोकांनी स्वतःच्या संघटनेतून चालवावी, काँग्रेसच्या नावाने नको. मनाने काँग्रेस बरोबर होती, पण हात बाहेर ठेवला होता. तरी त्या वर्षभरात म्हैसूर, त्रावणकोर, राजकोट, ओरिसा, सगळीकडे संस्थानं पेटली. कोल्हापुरात १९३९ च्या फेब्रुवारीत माधवराव बागलांनी प्रजा परिषद उभी केली.

बेळगावकडच्या रामदुर्ग संस्थानाचं उदाहरण तेव्हा सगळ्या दक्षिणी राजांच्या उशाशी बसलं होतं. तिथल्या राजाने प्रजा संघाला आधी काही सवलती दिलेल्या होत्या. तरीही १९३९ च्या एप्रिलमध्ये जमावाने तुरुंगावर हल्ला केला आणि त्यात पोलीस मारले गेले. गांधींनी या प्रकरणी राजापेक्षा लोकांनाच जास्त सुनावलं. पण राजवाड्यांतून निघालेला निष्कर्ष वेगळा होता: थोडं दिलं की लोक जास्त मागतात. बहुतेक ठिकाणी मग सुधारणा आल्या त्या सावध. प्रतिनिधी सभा नेमायच्या, त्यांत सरकारनियुक्त सभासद ठेवायचे, अंदाजपत्रकावर चर्चा करू द्यायची आणि शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवायचा. याला फसवणूक म्हणणं सोपं आहे. पण त्या सभांत बसून काही माणसं राज्यकारभार शिकली, हेही खरं. जमखंडीत मंत्री होऊन पुढे संस्थानाचे पंतप्रधान झालेले बी. डी. जत्ती नंतर देशाचे उपराष्ट्रपती झाले.

औंधने मात्र वेगळंच केलं, आणि तिथे थोडं थांबायला हवं.

भवानराव पंतप्रतिनिधी तेव्हा सत्तरीचे. सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेला, कीर्तन करणारा, स्वतः चित्रं काढणारा राजा. औंधच्या यमाई देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी आज जे संग्रहालय आहे, ते त्यांनीच उभं केलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ १९१० मध्ये त्यांनीच दिला. वेदांचे अभ्यासक सातवळेकर औंधला येऊन राहिले, तेही त्यांच्याच आश्रयाने. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परतले. बंगळुरात त्यांची गाठ मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअराशी पडली. फ्रिडमन गांधींकडे जाणारा, भगवी वस्त्रं घालून स्वतःला भारतानंद म्हणवणारा माणूस. राजाने राज्य लोकांना देऊन टाकावं, ही कल्पना या तिघांच्या बोलण्यातून पुढे सरकली आणि १९३८ च्या नोव्हेंबरात राजाने तशी घोषणा केली. राज्यघटनेचा मसुदा घेऊन बापलेक वर्ध्याजवळच्या शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, गांधींकडे गेले.

गांधींनी तो तसाच मान्य केला नाही. मध्यवर्ती सभा आणि तिच्यातून खाली येणारे हुकूम, हा सांगाडा त्यांना नको होता. गावापासून सुरुवात करा, असं त्यांचं म्हणणं. १९३९ च्या जानेवारीत जी घटना जाहीर झाली तिचा आराखडा त्यामुळे उलटा आहे. गावकऱ्यांनी पाच पंच निवडायचे. पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती. तालुक्यांतून राज्यसभा. महसुलाचा मोठा वाटा तालुक्याकडेच ठेवायचा आणि उरलेल्यात राजधानीने भागवायचं. किरकोळ भांडणं गावातच, वकिलाशिवाय निकाली काढायची. गरज पडली तर न्यायाधीशाने गावात यायचं, पक्षकाराने औंधच्या वाऱ्या करायच्या नाहीत. आटपाडीहून औंध गाठायला तेव्हा काय पडत असेल याचा विचार केला की या एका कलमाचं मोल कळतं. राजाने साधेपणाने राहावं, ठरलेल्या तनख्यावर, ही गांधींची अट. मतदाराला लिहिता-वाचता यावं, हाही त्यांचाच आग्रह. आज तो खटकतो, आणि खटकायलाच हवा. पण त्याच आग्रहापायी गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले.

हे सगळं राजाच्या उदारपणातून आलं की येणाऱ्या वादळाची चाहूल लागल्यामुळे? दोन्ही. चळवळ दाराशी येण्याआधी राजाने दार उघडलं, हे औंधचं शहाणपण. आणि औंधकडे गमावण्यासारखं फार नव्हतं, हेही तितकंच खरं. लष्कर, रेल्वे, परराष्ट्र व्यवहार इंग्रजांकडे. राजाजवळ होता तो शेतसारा, न्याय आणि शाळा. त्याने तेवढं दिलं. जे आपलं नव्हतं ते त्याला देता येणारच नव्हतं.

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा प्रयोगही याच काळातला. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी भिंतींशिवाय, कुटुंबासह, शेती करत ठेवायचे. कल्पना फ्रिडमनची. त्या मातीतल्याच ग. दि. माडगूळकरांनी पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा लिहिली, तिचं बीज इथलं.

१९४२ मध्ये मात्र सगळ्यांचीच परीक्षा झाली. सातारा जिल्ह्यात कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर अशा कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबारात नऊ जण पडले, दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला दोघे. मोर्चाने काही होत नाही हे दिसल्यावर नाना पाटलांच्या पत्री सरकारची, म्हणजे इंग्रजांना समांतर अशा भूमिगत सरकारची, उभारणी झाली. औंधच्या हद्दीतलं कुंडल हे तिचं मोठं ठाणं. यात योगायोग कमी आणि नकाशा जास्त. खालशातल्या पोलिसाला संस्थानच्या हद्दीत शिरायचं तर लिहापढी करावी लागे. तोवर माणसं पांगलेली असत. औंध दरबारानेही डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. रयतेला आधीच पंचायत दिलेल्या राजाला तिच्यावर बंदूक रोखायचं कारण उरलं नव्हतं.

सांगलीत चित्र वेगळं होतं. राजवाडा चौकातून किल्ल्यात शिरलं की तुरुंग आजही तिथेच दिसतो. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी भर दिवसा पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून हा तुरुंग फोडला आणि तटावरून खंदकात उड्या टाकल्या. पाठलाग झाला. पावसाळ्याचे दिवस, पुढे कृष्णा. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले, दादांना गोळी लागली. हा तुरुंग इंग्रजांचा नव्हता, संस्थानचा होता, ही गोष्ट हुतात्म्यांच्या कार्यक्रमांतल्या भाषणांत हमखास सुटते. इंग्रजांना हवी असलेली माणसं संस्थानच्या कोठडीत, संस्थानच्या शिपायांच्या पहाऱ्यात होती. चिंतामणराव हे शिक्षणाला, व्यापाराला हात देणारे राजे म्हणून सांगलीकरांच्या आठवणीत आहेत, आणि ते रास्तच आहे. पण त्या दुपारी त्यांचं राज्य कोणासाठी पहारा देत होतं, हेही त्याच आठवणीत असायला हवं.

शेवट लवकर आला. इंग्रज जाणार हे दिसल्यावर दक्षिणी राजांनी एकत्र येऊन एक संघ करायचं ठरवलं. १९४६ च्या जुलैत पुण्यात गांधींनाही भेटले. १९४७ च्या उत्तरार्धात औंध, फलटण, भोर, मिरजेसह आठ संस्थानांनी करार केला. सांगली त्यात गेली नाही. संघ धड उभा राहण्याआधीच ३० जानेवारी १९४८ उजाडला. गांधींचा खून पुण्याच्या ब्राह्मणाने केला, ही बातमी येताच सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं, वाडे, कारखाने जाळले गेले. पटवर्धन, औंधचे पंतप्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, ही राजघराणी ब्राह्मण. बहुसंख्य रयत मराठा, कुणबी, धनगर. जबाबदार राज्यपद्धतीच्या ठरावांत हा मुद्दा कुठे नव्हता, पण गावागावांत तो होताच. त्या आगीनंतर कुठल्याही राजाला स्वतःच्या बळावर राज्य चालवायची उमेद राहिली नाही.

८ मार्च १९४८ ला दक्षिणी संस्थानांचा कारभार मुंबई सरकारकडे गेला. १९४९ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली. फलटणचे मालोजीराव नाईक निंबाळकर मुंबई राज्यात मंत्री झाले. औंधच्या तालुक्यांनी जो महसूल नऊ वर्षं स्वतःच्या हाताने खर्च केला, तो पुन्हा मामलेदाराच्या कचेरीत जमा होऊ लागला. १९४८ मध्येच आप्पासाहेब भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. भवानराव १९५१ मध्ये वारले. स्वतंत्रपूरची वसाहत मात्र सरकारने चालू ठेवली. कैदी आजही तिथे शेती करतात.