गोलेम, रोबो आणि दहावा माणूस

रोबोंच्या कथांवर जीव टाकणारे चाहते जमले की एक तर्क हमखास निघतो: रोबो म्हणजे मुळात ज्यूंचा गोलेम. मातीचा पुतळा घडवला, मंत्राने त्यात जीव घातला, तो निमूटपणे कामं करू लागला आणि एक दिवस आवरेनासा झाला. 'फ्युचुरामा' या कार्टून मालिकेने तर रोबोंना 'बॉट मित्झवा' आणि 'रोबानुका' बहाल करून बार मित्झवा (मुलगा वयात आल्याचा ज्यू विधी) आणि हानुका (ज्यूंचा दिव्यांचा सण) या दोहोंची मजेत फिरकी घेतली. मग कुठला रोबो ज्यू आणि कुठला नाही, यावर वाद रंगणारच.

तर्क अगदीच हवेतला नाही. अडचण निराळी आहे. गोलेमची कल्पना फार जुनी असली, तरी ज्यूंचा रक्षणकर्ता म्हणून आज सांगितला जाणारा प्रागचा गोलेम रोबोपेक्षा जेमतेम अकरा वर्षांनी मोठा आहे.

जुन्या धाग्यापासून सुरुवात करू. तालमूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथाच्या 'सनहेद्रिन' भागात दोन छोट्या नोंदी शेजारी शेजारी येतात. राव्हा नावाच्या पंडिताने एक माणूस निर्माण केला आणि रब्बी (ज्यू धर्मगुरू) झेरांकडे पाठवला. झेरा त्याच्याशी बोलले, तो उत्तर देईना. तेव्हा त्यांनी ओळखलं की हा आपल्याच मंडळींचा उद्योग आहे, आणि त्याला पुन्हा माती व्हायला सांगितलं. दुसरी नोंद अधिक चविष्ट आहे. हनिना आणि ओशाया हे दोघे दर शुक्रवारी, शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी, सृष्टीच्या रचनेचा ग्रंथ अभ्यासत, त्यातून एक वासरू निर्माण करत आणि खाऊन टाकत! पुढे जर्मनीत वर्म्सचे एलाझार यांनी हिब्रू अक्षरांच्या जुळणीतून असा पुतळा कसा घडवावा याची रीत लिहून ठेवली. चाहत्यांना यात प्रोग्रॅमिंग दिसतं. ओढून आणलेलं साम्य आहे, पण गमतीचं आहे.

आता प्राग. गोलेमचा कर्ता म्हणून ज्यांचं नाव घेतात ते रब्बी यहुदा लोएव, म्हणजे महाराल, 1609 मध्ये वारले. त्यांचे शिष्य डेव्हिड गान्स यांनी 1592 मध्ये इतिवृत्त छापलं. महाराल सम्राट रुडॉल्फ दुसरा याला भेटले, हे त्यात आहे. गोलेमचं नावही नाही. घरात चालताबोलता मातीचा राक्षस असता तर शिष्याने तो वगळला असता का? जुन्या कथा पोलंडमधल्या हेल्म गावच्या रब्बी एलियाहू यांच्या नावावर आहेत. महारालांच्या नावाची प्रागची कथा छापील स्वरूपात दिसते ती एकोणिसाव्या शतकात.

या कथेचं एक रूप थेट एका प्रथेला चिकटलेलं आहे. गोलेम आठवडाभर घरकाम करायचा आणि शब्बाथ लागण्याआधी रब्बी त्याच्या तोंडातली देवनामाची चिठ्ठी काढून घ्यायचे. एका शुक्रवारी ते विसरले. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, शब्बाथचं 92वं स्तोत्र सुरू असतानाच गोलेमने मोडतोड मांडल्याची खबर आली. रब्बींनी स्तोत्र थांबवलं, धावत जाऊन चिठ्ठी काढली आणि मग स्तोत्र पुन्हा म्हटलं गेलं. प्रागच्या आल्टनॉयशूल या सिनेगॉगमध्ये हे स्तोत्र दोनदा म्हणतात त्याचं कारण हेच, असं लोक सांगतात. माझ्या मते इथे प्रथा आधीची आणि कथा मागाहून जोडलेली; अशा गोष्टी बहुधा याच क्रमाने घडतात.

गोलेमला रक्षणकर्ता केलं ते यूदल रोझेनबर्ग यांनी. पोलंडमधल्या या रब्बींनी 1909 मध्ये एक पुस्तक काढलं आणि ते महारालांच्या जावयाच्या हस्तलिखितावरून घेतल्याचा दावा केला. हस्तलिखित बनावट, कथा रोझेनबर्ग यांच्याच. त्यांचा गोलेम पाणी भरत नाही, रात्री गल्लीबोळांतून पहारा देतो. कशासाठी, तर रक्ताच्या आळासाठी. वल्हांडण या ज्यू सणाची बेखमीर भाकरी ज्यू लोक ख्रिस्ती मुलांचं रक्त घालून करतात, ही अफवा इंग्लंडमधल्या नॉर्विच इथे 1144 मध्ये झालेल्या एका मुलाच्या खुनापासून वाढत गेली. वास्तविक त्या भाकरीत पीठ आणि पाणी यांखेरीज काही नसतं, आणि ज्यू धर्मशास्त्रात रक्त खाणंच निषिद्ध आहे. तरी भीती इतकी खोल होती की सतराव्या शतकात रब्बी डेव्हिड हलेवी यांनी वल्हांडणाच्या जेवणात लाल द्राक्षारस टाळावा असं लिहिलं. एरवी त्या रात्री लालच पसंत केला जातो! रोझेनबर्ग यांच्या काळात हे सारं ताजं होतं: 1899 मध्ये बोहेमियातल्या पोल्ना इथे हिल्स्नर या ज्यू तरुणावर असाच आळ आला, 1903 च्या ईस्टरला रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्हमध्ये ज्यूंची कत्तल झाली. पहारेकरी गोलेम या भयातून जन्मला.

आणि 1920 मध्ये चेक लेखक कारेल चापेक यांचं 'आर. यू. आर.' हे नाटक प्रागमध्येच प्रसिद्ध झालं; 'रोबो' हा शब्द आला तो याच नाटकातून. चापेक ज्यू नव्हते, पण आपला रोबो गोलेमचंच आधुनिक रूप असल्याचं त्यांनी पुढे स्वतः मान्य केलं. तेव्हा इथवर चाहत्यांचा तर्क बरोबर.

रोबोला माणूस म्हणायचं का, या प्रश्नावरही चाहते तासन्‌तास भांडतात. तो प्रश्न 1712 मध्ये अॅमस्टरडॅमला छापलेल्या धर्मनिर्णयांत आहे. ते देणारे रब्बी हाखाम झ्वी अश्केनाझी हे हेल्मच्या त्या रब्बी एलियाहूंचे वंशज. त्यांनी विचारलं: सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, म्हणजे मिन्यान, त्यात गोलेम दहावा धरता येईल का? (रायगडमधल्या बेने इस्राएल या मराठी ज्यू समाजाच्या जुन्या सिनेगॉगमध्ये आज दहा जण जमवताना होणारी ओढाताण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा प्रश्न पोकळ वाटणार नाही.) त्यांचं उत्तर तालमूदमधल्या त्याच प्रसंगावर उभं आहे. मिन्यानमध्ये त्याचा उपयोग असता तर झेरांनी त्याला मातीत मिळवलंच नसतं. ज्या अर्थी मिळवलं, त्या अर्थी तो धरता येत नाही, आणि त्याला नष्ट करणं हा खूनही नाही. रोबो बंद करणं ही हत्या का, या आजच्या वादातली एक बाजू इथे आयती सापडते.

तर्क लंगडा पडतो तो विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोव्ह यांच्यापाशी. ते ज्यू कुटुंबातले, म्हणून रोबोला माणसाला इजा करू न देणारे त्यांचे तीन नियम म्हणजे गोलेमच्या तोंडातली चिठ्ठीच, असं आवडीने सांगितलं जातं. जुळतं छान. पण खुद्द असिमोव्ह त्या नियमांच्या मांडणीचं श्रेय आपले संपादक जॉन कॅम्पबेल यांना देत, आणि कॅम्पबेल ज्यू नव्हते. शिवाय निर्मात्यावर उलटणाऱ्या यंत्रांच्या कथांना कंटाळूनच आपण रोबोकथा लिहिल्या, असंही ते सांगत. गोलेमच्या कथेचा सगळा थरार तर त्या उलटण्यातच आहे.