सोल्डरिंग की ब्रेझिंग? आधी आपला हात बघा

घंगाळाची कडी सुटली, समईची दांडी हलायला लागली, एसीची तांब्याची नळी गळायला लागली, तरी आपण सगळीकडे एकच म्हणतो: ‘जरा झाळून द्या.’ पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत सामान घ्यायला गेलात, तर तेवढ्याने भागत नाही. सोल्डर हवं की ब्रेझिंगची कांडी, हे तुम्हालाच सांगावं लागतं.

गोंधळ होतो तो साहजिक आहे. दोन्हींत मूळ धातू वितळत नाही (वितळवला तर ते वेल्डिंग), फक्त फटीत दुसरा धातू वितळून शिरतो. हा भरायचा धातू ४५० अंश सेल्सियसच्या खाली वितळत असेल तर सोल्डरिंग, वर असेल तर ब्रेझिंग. ६०/४० कथिल-शिशाची तार १९० अंशांच्या आतबाहेर पूर्ण वितळते. चांदीमिश्रित कांडीला साधारण सव्वासहाशेच्या पुढे जावं लागतं.

नवख्याने सोल्डरिंगपासूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. इथे चूक झाली तर तापवून पुसता येते. पण सोल्डरिंगची इस्त्री (टोक तापणारं विजेचं हत्यार) कामाप्रमाणे घ्या. सर्किटला २५ वॉटची पुरते, तांब्याच्या जाड पत्र्यावर तीच थंड पडते, कारण तांबं उष्णता भराभर पसरवतं. तिथे १०० वॉटच्या पुढची इस्त्री किंवा छोटा गॅस टॉर्च हवा. पॉलिश पेपरने धातू लख्ख करा, फ्लक्स (धातू साफ ठेवून सोल्डर पसरायला मदत करणारं रसायन) लावा आणि तार इस्त्रीला नव्हे, तापलेल्या धातूला टेकवा. तार पसरून चकचकीत बसली तर सांधा धरला. गोळी होऊन मंद राखाडी दिसली तर पुन्हा तापवा. पाणी पिण्याच्या किंवा स्वयंपाकाच्या भांड्याला शिसं असलेली तार मात्र लावायची नाही.

ब्रेझिंगमध्ये महागाचा टॉर्च आणून हात येत नाही. रंग वाचावा लागतो. धातू मंद लाल झाला की नाही, हे भर उन्हात कळतच नाही, म्हणून सावलीत बसायचं. फ्लक्स म्हणून टाकणखार वापरत असाल तर तोच खूण देतो: आधी फुगतो, मग काचेसारखा वितळून पसरतो. तेव्हा कांडी टेकवायची. पितळेवर पितळी कांडी लावण्याचा मोह नवख्याने टाळावा. कांडी आणि भांडं यांचे वितळबिंदू इतके जवळ असतात की सांध्याआधी भांड्यालाच भोक पडतं. चांदीची कांडी महाग पडते, पण मधे श्वास घ्यायला जागा ठेवते. घेताना कॅडमियमविरहित मागा. कॅडमियमचा धूर जीवघेणा ठरू शकतो. जस्ताचा मुलामा असलेला पाइप तापवला तरी धुराने ताप भरतो, तेव्हा मुलामा आधी घासून काढायचा.

एसी मेकॅनिक वापरतात ती फॉस्फरस-तांब्याची कांडी तांब्यावर फ्लक्सशिवाय चालते. ती बघून लोखंडी कडीला तीच लावणारे भेटतात. ती लागते, पण फॉस्फरसमुळे सांधा ठिसूळ होतो आणि वजन आलं की कडकन सुटतो.

म्हणजे भार न येणारी समई, पत्र्याचा डबा, वायर हे सोल्डरिंगचं काम. दाब किंवा वजन घेणारा सांधा ब्रेझिंगचा. पाण्याने भरलेल्या घंगाळाची कडी सोल्डरवर टिकणार नाही. ती रिव्हेटनेच बसवलेली बरी आणि कसबा पेठेतल्या तांबट आळीत असं काम जाणणारे हात अजून आहेत. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला टॉर्च लावायची घाई करू नका. ते लाल होऊन इशारा देत नाही, ६६० अंशांना थेट खाली बसतं.