फिनिक्समध्ये मागचा पॅटिओ बंद करायचाय? अर्जाआधी ठरवा, तिथे एसी लावणार की नाही

फिनिक्स परिसरात घर घेतलेल्या मराठी माणसाच्या डोक्यात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक विचार येतोच. मागे छप्पर घातलेला पॅटिओ आहे, तीन बाजू मोकळ्या आहेत आणि मे ते सप्टेंबर तिकडे कुणी फिरकत नाही. त्याला काचा लावून खोली केली तर? आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की त्यांना बसायला जागा होईल, तुळशीला ऊन मिळेल, मुलांचा पसारा बाहेर जाईल. इथे अशा खोलीला स्वतंत्र नावच आहे, 'ॲरिझोना रूम'. कोकणात पावसाळ्यापूर्वी पडवीला झापांच्या झडी बांधतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथली झड बांधायला शहराचा परवाना लागतो.

"छप्पर तर आधीपासून आहे, आम्ही फक्त काचा लावतोय" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. मात्र पॅटिओवरचं छप्पर आणि खोलीचं छप्पर नियमाच्या नजरेत एक नाहीत. अमेरिकेत घरबांधणीसाठी जी आंतरराष्ट्रीय निवासी संहिता वापरतात (फिनिक्स ती स्वतःच्या दुरुस्त्यांसह लागू करतं), तिच्यात पॅटिओचं छप्पर दर चौरस फुटाला १० पौंडांच्या चल भारासाठी (कायम नसणारा, येणारा-जाणारा भार) बांधलं तरी चालतं. राहत्या घराच्या छपरासाठी साधारणपणे २० पौंड धरतात. शिवाय मोकळ्या पॅटिओतून वारा आरपार जातो, बंद खोलीच्या भिंतींवर तो आदळतो. म्हणजे खांब, पाया, खांब-तुळईचे जोड सगळं नव्याने तपासावं लागतं. बिल्डरने दिलेल्या बारीक खांबांमध्ये नुसत्या फ्रेम बसवून भागेलच असं नाही.

कुठल्या वर्गातली खोली?

अशा बंद केलेल्या खोल्यांचे, म्हणजे सनरूमचे, पाच वर्ग आहेत आणि अर्जाचा सगळा पसारा तुमची खोली कुठल्या वर्गात मोडते यावर ठरतो. पहिल्यात मोकळ्या बाजूंना फक्त जाळी किंवा अगदी पातळ प्लास्टिक. दुसऱ्यात काच किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या भिंती. तिसऱ्यात त्याच भिंती, पण हवा-पाणी आत शिरणार नाही अशा कसोटीला उतरलेल्या. या तिन्हींत एसी-हीटर नाही आणि नियमाच्या भाषेत त्या 'राहण्याच्या' खोल्या नाहीत. चौथ्या वर्गात एसी आहे, पण त्याचं यंत्र आणि नियंत्रण घरापेक्षा वेगळं आणि मधली भिंत, दार जागच्या जागी. पाचवी खोली घराला सरळ उघडी, घरासारखीच थंड, आणि राहण्याची म्हणून मान्य.

आता खरा प्रश्न. ३० जून ते ३० जुलै २०२३ असे सलग ३१ दिवस फिनिक्सचं कमाल तापमान ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस किंवा त्याहून वर गेलं. २०२४ मध्ये सलग ११३ दिवस पारा शंभर फॅरनहाइट गाठत होता. नागपूरकरांना ४५-४६ चं काय कौतुक म्हणा, पण नागपूरचं जुनं घर जाड भिंतींचं आणि खस-कूलरचं असतं, तीन बाजूंनी काचेचं नव्हे. एसीविना काचेची खोली जून ते सप्टेंबर भट्टी होते. मग लोक काय करतात? परवाना दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाचा काढतात आणि नंतर गुपचूप मिनी-स्प्लिट एसी बसवतात. हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. वापर नोव्हेंबर ते मार्च एवढाच असेल, तर जाळीची पहिल्या वर्गातली खोली स्वस्त आणि सुखाची. बारा महिने हवी असेल, तर सुरुवातच चौथ्या वर्गापासून करा.

आणि आई-बाबा तिथे झोपणार असतील, तर ती झोपायची खोली झाली. मग विषय पाचव्या वर्गावर जातो, आणीबाणीत बाहेर पडता येईल अशी खिडकी आली, स्मोक अलार्म आला, पूर्ण इन्सुलेशन आलं. नकाशावर 'सनरूम' लिहून आत पलंग टाकायचा, हे तपासणीत दिसतंच.

बहुतेक घरांसाठी मी चौथा वर्ग सुचवेन. फिनिक्स ऊर्जा संहितेच्या हवामान-क्षेत्र २ मध्ये येतं. घरापासून भिंत-दाराने वेगळ्या ठेवलेल्या सनरूमला तिथे थोडी सवलत आहे: काचेचा यू-फॅक्टर (काचेतून किती उष्णता आरपार जाते तो आकडा) ०.४५ पर्यंत चालतो, छताला आर-१९ आणि भिंतीला आर-१३ इन्सुलेशन पुरतं ('आर' म्हणजे उष्णता अडवायची क्षमता). म्हणून जुनं सरकतं दार काढून 'हॉल मोठा' करायचा मोह आवरा. ते दार गेलं की सवलतही गेली. सवलत नसलेली दुसरी गोष्ट म्हणजे एसएचजीसी, अर्थात उन्हातली किती उष्णता काच आत सोडते तो आकडा. या क्षेत्रात तो ०.२५ पेक्षा जास्त नको. काच विकणारा यू-फॅक्टरबद्दल भरभरून बोलेल. तुम्ही एसएचजीसी विचारा, फिनिक्समध्ये बिल त्यावर ठरतं. पॅटिओ पश्चिमेला असेल तर काच कमी आणि भरीव भिंत जास्त ठेवा, अगदी नियम मागत नसला तरी.

अर्ज कोण करू शकतो

ज्याच्या नावावर घर आहे तो मालक, किंवा त्याच्या वतीने परवानाधारक कॉन्ट्रॅक्टर. भाडेकरूला स्वतःहून करता येत नाही. टाउनहाउस किंवा काँडो असेल, तर पॅटिओ, बाहेरची भिंत, छप्पर तुमच्या मालकीचं आहे की सामाईक, हे आधी कागदपत्रांत पाहा. कित्येकदा ते सामाईक निघतं आणि गोष्ट तिथेच संपते.

स्वतः काम करायचं असेल तर ॲरिझोनाचा कायदा मालकाला कॉन्ट्रॅक्टरच्या परवान्यातून सूट देतो, पण घर स्वतःच्या वापरासाठी असेल, विकायला किंवा भाड्याने द्यायला नसेल तरच. काम संपल्यापासून वर्षाच्या आत घर विकलं किंवा भाड्याने दिलं, तर हेतू तोच होता असं धरलं जातं. नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जायची शक्यता असेल तर या सवलतीच्या वाटेला जाऊ नका. छोट्या कामांसाठी हँडीमनला (किरकोळ दुरुस्त्या करणाऱ्याला) जी सूट आहे, ती शहराचा परवाना लागणाऱ्या कामाला लागूच होत नाही. त्यामुळे "आमच्या ओळखीचा एक आहे, निम्म्यात करतो" हे इथे बाद. कॉन्ट्रॅक्टरचा परवाना राज्याच्या रजिस्ट्रार ऑफ कॉन्ट्रॅक्टर्सच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो. परवानाधारकाने काम बिघडवलं तर घरमालकासाठी राज्याचा भरपाई निधी आहे, कमाल ३०,००० डॉलरपर्यंत. परवाना नसलेल्याच्या कामाला त्यातून काही मिळत नाही.

शहर आणि एचओए (वसाहतीची घरमालक संघटना), दोन वेगळी दारं

घर फिनिक्स शहराच्या हद्दीत असेल, तर अर्ज प्लॅनिंग अँड डेव्हलपमेंट विभागाकडे, 'शेप पीएचएक्स' या ऑनलाइन पोर्टलवरून. चँडलर, गिल्बर्ट, स्कॉट्सडेल, टेंपी यांचे विभाग आणि पोर्टल स्वतंत्र आहेत. कुठल्याच शहरात न बसणारा पत्ता असेल तर मॅरिकोपा काउंटी. पत्त्यात 'फिनिक्स' लिहिलंय म्हणजे घर शहरात आहेच असं नाही. हद्द नकाशावर बघा.

एचओए असेल तर तिच्या आर्किटेक्चरल कमिटीची लेखी मंजुरी वेगळी. शहराचा परवाना मिळाला म्हणून एचओएला गप्प बसावं लागत नाही आणि एचओएने होकार दिला म्हणून शहराची अट सुटत नाही. आधी एचओएकडे जा. फ्रेमचा रंग आणि शेजाऱ्याला दिसणारी बाजू यांवरून तिथे नकाशा बदलतोच, मग शहराला तोच नकाशा दोनदा द्यायला नको.

झोनिंगकडेही (कुठल्या भागात काय आणि किती बांधायचं याचे नियम) आधीच बघा. मोकळ्या पॅटिओला मागच्या हद्दीपासून सोडायच्या अंतरात पुष्कळदा मुभा असते. तो बंद केला की तो मूळ घराचा भाग धरला जातो आणि मुभा जाऊ शकते. प्लॉटवर किती टक्के बांधकाम चालतं तो हिशेबही आहेच. आकडे तुमच्या झोनप्रमाणे बदलतात, शेजाऱ्याने बांधलं म्हणून तुम्हाला चालेल असं नाही. अंतर कमी पडलं तर व्हेरियन्ससाठी (नियमातून खास सवलत) झोनिंग सुनावणीला जावं लागतं. त्यात वेळ आणि फी दोन्ही जातात आणि होकाराची खात्री नसते.

फाइलमध्ये काय लागतं

पहिला कागद साइट प्लॅन: प्लॉटच्या हद्दी, घर, पॅटिओ, पोहण्याचा तलाव, प्रत्येक हद्दीपासूनचं अंतर, उत्तर दिशा आणि प्रमाण. मग फ्लोअर प्लॅन, ज्यात नव्या खोलीला लागून असलेल्या खोल्यांची नावं आणि खिडक्यांची मापं असतील. चारही बाजूंची उभी चित्रं. पायापासून छपरापर्यंतचा छेद. तयार ॲल्युमिनियमची खोली घेत असाल तर निर्मात्याची इंजिनियरच्या सहीशिक्क्याची रेखाचित्रं. काचेचे यू-फॅक्टर आणि एसएचजीसी दाखवणारा कागद. विजेचा आराखडा. एसी असेल तर त्याचा लोड हिशेब. आणि काम परवानाधारक करणार की मालक स्वतः, हे सांगणारं सहीचं निवेदन.

फ्लोअर प्लॅनवर सगळ्यात जास्त शेरे येतात, म्हणून तो नीट करा. पॅटिओवर उघडणारी बेडरूमची खिडकी हा नेहमीचा अडसर. आगीत बाहेर पडायची तीच एक वाट असेल, तर ती उघड्या अंगणात निघायला हवी, बंद खोलीत नाही. मग दुसऱ्या भिंतीत खिडकी फोडावी लागते. आतल्या खोलीचा उजेड-वारा पॅटिओतूनच येत असेल, तर मधलं उघडणारं क्षेत्र त्या खोलीच्या फरशीच्या एकदशांशाहून आणि २० चौरस फुटांहून कमी चालत नाही. साधं सरकतं दार असेल तर बहुधा निभतं, एकच लहान खिडकी असेल तर नाही.

भिंतीवर काय काय आहे तेही पाहून घ्या. ड्रायरची वाफ, गॅस वॉटर हीटरचा धूर पॅटिओत सुटत असेल तर तो बाहेर न्यावा लागेल. विजेचं पॅनेल असेल तर त्याच्यासमोर ३६ इंच मोकळी जागा. जमिनीलगतच्या मोठ्या काचा टेम्पर्ड (खास कडक केलेल्या) हव्यात. प्लगच्या जागा राहत्या खोलीसारख्याच: भिंतीवरचा कुठलाही बिंदू प्लगपासून ६ फुटांपेक्षा लांब नको. मागे तलाव असेल आणि घरात सहा वर्षांखालचं मूल असेल, तर नवं दार सहसा आपोआप बंद होऊन कडी लागणारं असावं लागतं.

आता फरशी. पॅटिओची फरशी मुद्दाम बाहेरच्या बाजूला उताराची आणि घरापेक्षा खाली असते. १५ जून ते ३० सप्टेंबर इथला पावसाळा, पंधरा मिनिटांत अंगणात तळं होतं. बंद केल्यावर तेच पाणी चौकटीखालून आत येतं. तोडताना-भोकं पाडताना आणखी एक जपा: या भागातल्या बऱ्याच घरांची फरशी ताणलेल्या पोलादी केबलांची असते, तसा शिक्का गॅरेजच्या फरशीवर सापडतो. ती केबल तुटली तर माणूस जखमी होऊ शकतो. पायासाठी खणायच्या किमान दोन कामकाजी दिवस आधी ८११ ला कळवून जमिनीखालच्या तारा-नळांच्या खुणा करून घ्या, ही सेवा फुकट आहे.

अर्ज दिल्यावर

तपासनीस शेरे पाठवतो, तुम्ही दुरुस्त नकाशे चढवता, बहुतेकांच्या एक-दोन फेऱ्या होतात. मंजुरीनंतर फी भरली की परवाना. मग टप्प्याटप्प्याने तपासण्या: पाया, सांगाडा, वीज, इन्सुलेशन, शेवटी अंतिम. क्रम चुकवून भिंत झाकली तर ती पुन्हा उघडायला सांगतात. कॉन्ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता अंतिम तपासणी पास होईपर्यंत हातात ठेवा, करारात तसं लिहूनच घ्या.

मालमत्ता कराचाही फरक पडतो. काउंटी ॲसेसरकडे नव्या बांधकामाची नोंद जाते. ॲरिझोनात करासाठीचं मर्यादित मूल्य एरवी वर्षाला ५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही, पण नव्या बांधकामाला ती मर्यादा लागू नाही.

आणि घर घेतानाच मागे बंद केलेली खोली आलेली असेल, तर शहराच्या नोंदीत तिचा परवाना आहे का ते शोधा. विकणाऱ्याने भरलेल्या माहितीपत्रात परवान्याविना केलेल्या कामांबद्दल प्रश्न असतो, ते उत्तर काढून वाचा. परवाना नसेल तर 'ॲज-बिल्ट' (आधीच झालेलं बांधकाम) म्हणून अर्ज करता येतो. त्यातही वरचे सगळे नियम लागतात, फक्त भिंती आधी उघडून दाखवाव्या लागतात.