आरोग्य नोंदवही

शरीराची मोजमापे, लक्षणे, औषधे आणि दिनचर्या तारीखवार टिपून ठेवण्याचे साधन. साधी वही, आखलेला तक्ता किंवा मोबाइलमधले ॲप, काहीही चालते. डॉक्टरांची तपासणी त्या घटकेची स्थिती सांगते. दोन भेटींच्या मधले आठवडे कसे गेले, हे नोंदींवरून कळते. इटलीतल्या पादुआचे वैद्य सांतोरिओ सांतोरिओ (१५६१–१६३६) यांनी सुमारे ३० वर्षे स्वतःचे वजन, खाणेपिणे आणि मलमूत्र तोलून पाहिले. खाल्लेल्यापैकी बराचसा भाग त्वचेवाटे आणि श्वासावाटे नकळत निघून जातो, हा त्यांचा निष्कर्ष १६१४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

काय लिहायचे, हे आधी प्रश्नावरून ठरवावे. डोकेदुखी कशाने उठते? नव्या गोळीने रक्तदाब उतरला का? एका प्रश्नाला तीन-चार रकाने पुरतात. दहा-बारा रकान्यांचा तक्ता हौसेने आखला जातो आणि लवकरच कोरा राहू लागतो. शेरा लिहायला मात्र एक रकाना हवाच. ‘रात्री जागरण’, ‘गोळी चुकली’ अशा दोन शब्दांशिवाय आकड्याचा अर्थ लागत नाही.

आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे, तर मोजण्याची रीत रोज तीच हवी. रक्तदाबाच्या बाबतीत हे फार जाणवते. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, धूम्रपान आणि व्यायाम टाळावा, लघवीला जाऊन यावे आणि पाठ टेकून ५ मिनिटे शांत बसावे. पावले जमिनीला टेकलेली, दंड हृदयाच्या उंचीवर, पट्टा उघड्या दंडावर. मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावेत. बरा दिसणारा तेवढा ठेवू नये. असे सकाळ-संध्याकाळ ७ दिवस करून पहिला दिवस वगळतात आणि उरलेल्यांची सरासरी काढतात. ती १३५/८५ किंवा अधिक आली, तर अनेक मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तदाब वाढलेला धरतात. दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल, तर रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. नोंदी काटेकोर असूनही सगळाच तक्ता त्यामुळे फसतो.

जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजतात, हात धुऊन; बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी आकडा फुगतो. झोपेची नोंद सकाळी उठल्यावर अंदाजाने करावी, रात्रभर घड्याळ पाहत बसू नये. डोकेदुखीच्या वहीत वेदनाशामक घेतल्याचे दिवस अवश्य मोजावेत: साध्या गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर गोळ्यांमुळेच डोके दुखत असण्याची शक्यता असते.

वजन पाण्यामुळे रोज थोडे वरखाली होते, म्हणून ७ दिवसांची सरासरी पाहावी. हृदय निकामी होण्याचा विकार असलेल्यांचे मात्र वेगळे आहे. दोन-तीन दिवसांत वजन २ किलो वाढले, तर शरीरात पाणी साठत असू शकते. सरासरीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

सर्वांत मोठा दोष म्हणजे राहिलेल्या नोंदी मागाहून आठवून भरणे. २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका अभ्यासात, दीर्घकाळ वेदना असलेल्या रुग्णांच्या कागदी वह्या कधी उघडल्या जातात, हे टिपणारी यंत्रणा त्या वह्यांतच बसवली होती. रुग्णांच्या लेखी ९० टक्के नोंदी वेळेवर होत्या. प्रत्यक्षात तशा ११ टक्केच निघाल्या. राहिलेला रकाना कोराच ठेवावा, कारण अंदाजाने भरलेला आकडा खऱ्या आकड्यांत मिसळला की पुन्हा वेगळा काढता येत नाही. दुसरा दोष म्हणजे फक्त त्रासाच्या दिवशी लिहिणे. त्रास नसलेल्या दिवशीही तेच खाल्ले होते का, हे कळल्याखेरीज कुठल्याही पदार्थावर ठपका ठेवता येत नाही.

आकड्यांची धास्ती वाटू लागली, वारंवार मोजावेसे वाटू लागले, तर नोंदी कमी कराव्यात. खाण्याच्या विकारातून जाणाऱ्यांनी वजन किंवा कॅलरींची नोंद उपचारकाला विचारूनच ठेवावी. औषधाची मात्रा वहीतल्या आकड्यांवरून परस्पर बदलू नये. डॉक्टरांकडे जाताना सरासरी, सर्वांत कमी-जास्त आकडे आणि औषध बदलल्याच्या तारखा एका पानावर उतरवून न्याव्यात, मूळ वहीही सोबत असावी.